घळीत राहिलेली हाक

बाई, आज सकाळी मी न्हाणीघरात पडले. फरशीवर साबणाचं पाणी होतं, पाय सटकला आणि बादलीला धरता धरता बादलीसकट खाली आले. पोरगा बाहेर फोनवर बोलत होता, सून स्वयंपाकघरात कांदा चिरत होती. तिच्या विळीचा आवाज मला ऐकू येत होता. दाराला आतून कडीसुद्धा लावलेली नव्हती. एक हाक मारली असती तर दोघंही धावत आली असती. मी मारली नाही. तशीच ओल्या फरशीवर बसून राहिले, मग नळाला धरून उठले, भिंतीच्या आधारानं कसंबसं लुगडं गुंडाळलं आणि बाहेर येऊन सुनेला म्हणाले, आज वातानं गुडघा धरलाय, मी जरा पडते. ती बिचारी तेल गरम करायला निघाली, तर तेही नको म्हणाले. पलंगावर पाय वर घेतला तेव्हा घोटा सुजायला लागला होता. तोच घोटा, बाई, डावा. तो बघितला आणि तुम्ही आठवलात. इतकी वर्षं झाली तुम्हाला जाऊन, तरी आत्ता दारातून येऊन रागावणार असंच वाटलं, आणि लाजेनं मी पायावर चादर ओढून घेतली.

तुम्ही मला पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी अशीच अंगावर पांघरूण घेऊन बसलेली होते. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. वडील ढोकीच्या कारखान्यावर शिपाई होते, आणि मी मुरुमकडच्या सासरहून वाकडं जुळलेलं मनगट घेऊन माहेरी परत आलेली. मॅट्रिकला नापास, नवऱ्यानं टाकलेली, आणि चारचौघांत गेलं की लोक आईलाच विचारायचे, पोरगी कधी जाणार म्हणून. मनगटाचं मी सगळ्यांना सांगितलं होतं की आडावर घसरले. खरं काय ते तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही मुलींच्या शाळेत कवायत शिकवायच्या आणि सुट्टीत आमच्यासारख्या पोरी गोळा करून डोंगरात घेऊन जायच्या. नापास झालेल्या, नांदायला न गेलेल्या, कपाळ पांढरं झालेल्या, घरात अडगळ झालेल्या. गावात म्हणायचे, ही बाई पोरी बिघडवतेय. वडीलही तेच म्हणाले, जरा सभ्य भाषेत. तुम्ही चहाची कपबशी खाली ठेवलीत आणि विचारलंत, घरात बसवून काय सुधरलं तिचं? आई आतूनच म्हणाली, जाऊ द्या तिला.

मला जायचं नव्हतं, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. साखरेच्या पोत्यांच्या शिवलेल्या पिशव्या पाठीवर, लुगड्याचा काष्टा मारलेला, अशा आम्ही पाचजणी छोट्या रुळाच्या गाडीतून येडशीला उतरलो तेव्हा फलाटावरचा माणूस न् माणूस बघत होता आणि मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं होतं. तुम्ही मात्र खांद्यावर दोराचं भेंडोळं टाकून पुढं चाललेल्या, आणि बोलणं असं की अर्ध्या फलाटाला ऐकू जावं. तुमचा जन्म धनगराच्या घरातला. लहानपणी आईबरोबर मेंढरांमागं फिरताना या टेकडीवरून त्या टेकडीला हाका मारायची सवय, ती शिक्षिका झाल्यावरही गेली नव्हती. शाळेतल्या दुसऱ्या बाया तुमच्या आवाजाला हसायच्या. ते तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही आवाज तसूभरही कमी केला नव्हता.

रामलिंगाच्या त्या डोंगरात आम्ही काय काय केलं, आता नातवाला सांगितलं तर त्याला खोटं वाटतं. तीन दगडांवर हुलग्याचं माडगं शिजवायचं, वाट चुकलो तर चुकलेल्यानंच परत शोधायची, कड्यावरून दोराला धरून खाली उतरायचं आणि दोर वर बाकीच्यांनी धरायचा. रोज एकजण पुढारी. तिनं सांगायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, तुम्हीसुद्धा. ज्या पोरीला घरात भाजीत मीठ किती घालायचं हेही कुणी विचारलं नव्हतं, ती सकाळी उठून तुम्हाला सांगायची, बाई, आज तुम्ही सरपण आणा. आणि तुम्ही जायच्या. दोर धरून उतरताना मी घाबरले नाही, याचं तुम्हाला कौतुक वाटलं होतं. चुकून पाय सुटला असता तरी मी ओरडले नसते, हे तुम्हाला तेव्हा कळलं नव्हतं.

ते कळलं तिसऱ्या का चौथ्या दिवशी. मी सगळ्यांच्या मागं, डोक्यावर पातेलं. वाळलेल्या कुसळावरून पाय निसटला आणि मी घळीत घसरत गेले. पाय दोन धोंड्यांत अडकला, घोटा पिरगळला. वरून पोरींचं हसणं ऐकू येत होतं. एक हाक, बाई. हाकेच्या अंतरावर होत्या सगळ्या. मी तोंडात पदर कोंबला आणि पाय सोडवायला लागले. हसणं लांब गेलं. ऊन उतरलं. पलीकडच्या झाडावर वानरं बसून माझ्याकडं बघत होती. मग तुमच्या हाका सुरू झाल्या, माझ्या नावानं, एका अंगानं, मग दुसऱ्या अंगानं, आणि आवाज हळूहळू फाटत गेलेला. मी ऐकतेय सगळं. ओ द्यायची आहे, हे कळतंय. आणि तोंड उघडत नाही. शेवटी कुणीतरी उन्हात चकाकणारं पातेलं बघितलं म्हणून मी सापडले.

तुम्ही पाय सोडवलात, पदर फाडून घोटा बांधलात. मग समोर बसलात. "पाय मोडला तर बसवता येतो गं," तुम्ही म्हणालात. "ह्या जिभेला कोण बसवणार? माझ्या हाका ऐकू येत न्हवत्या व्हय?"

मी म्हणाले, "आमच्यात हाक मारत न्हाईत, बाई."

मग तुम्हाला सांगितलं ते. माझ्या आज्ज्याकडं गावाची येसकरकी होती, दिवसभर गावाची राखण आणि सांगकामं करायची. संध्याकाळी काठी घेऊन दारोदार उभं राहायचं आणि भाकरीसाठी हाक द्यायची. आमची माणसं बौद्ध झाली तेव्हा आज्ज्यानं ती काठी चुलीत घातली आणि सांगितलं, आता आपल्या घरातलं कुणी कुणाच्या दारात हाक मारणार नाही. पुढं आज्जा म्हातारा झाला, आणि दुपारी झोपला की झोपेतच ओरडायचा, भाकर वाढा, माय. ती माय लांबत जायची. वडील पळत जाऊन त्याला हलवून उठवायचे, कारखान्याच्या क्वार्टरच्या भिंती पातळ, शेजारी ऐकतील म्हणून. आज्जा जागा झाला की त्याला काही आठवायचं नाही. तो आमच्या तोंडाकडं बघायचा आणि आम्ही कुणी त्याच्याकडं बघायचो नाही. अशा घरातली मी. सासरी मनगट पिरगळलं गेलं तेव्हा शेजारीण भिंतीपलीकडं दळण निवडत होती. तिलाही हाक मारली नव्हती. हे मी पहिल्यांदा बोलले ते त्या घळीत.

तुम्ही खडे उचलून टाकत बसलात. मला वाटलं, आता समजूत घालाल, डोक्यावरून हात फिरवाल. पण तुम्ही चिडला होतात. "दारोदार उभं राहावं लागलं, ती लाज तुझ्या आज्ज्याची न्हाय. उभं करणाऱ्यांची हाय. त्यानं काठी जाळली, लई बेस केलं," तुम्ही म्हणालात. "पर तू मरायला टेकलीस तरी गप बस, असं सांगितलं व्हतं का त्यानं? त्याची काठी जळाली, आन् तू ती गिळून बसलीस."

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मला पाठुंगळी घेऊन माथ्यावर नेलंत. पोरी खाली ओढ्यावर भांडी घासत होत्या. त्यांना हाक मार, म्हणालात. मी तोंड उघडलं, हवा निघाली. तुम्ही आधी स्वतः मारून दाखवलीत, मेंढरांमागची, गळ्याची शीर फुगवून. पलीकडच्या डोंगरानं ती परत दिली. मग पुन्हा माझी पाळी. एकदा खाकरले, एकदा रडले. आणि त्यानंतर जी निघाली ती माझी नव्हतीच. लांबलेली माय होती तिच्यात. आज्ज्याची हाक. मला ती येते हे मलाच माहीत नव्हतं. मी दोन्ही हातांनी तोंड झाकलं, कारण आता सगळ्यांना कळणार, आपण कोण ते. पण खालून पोरींनी ओ दिली, आणि भांडी तशीच टाकून धापा टाकत वर आल्या, काय झालं गं म्हणत. त्यांच्या हाताला राख होती. तुम्ही पाठ करून उभ्या होतात, डोळे पुसत होतात की काय, मी विचारलं नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. मी पुन्हा मॅट्रिकला बसले, अंगणवाडीत लागले, दुसरं लग्न केलं, पोरगा झाला, पर्यवेक्षिका झाले. गावोगाव बायांना समोर बसवून सांगत आले, अंगावर काढू नका, बोला, दार वाजवा, हाक मारा. चांगलं बोलते असं लोक म्हणायचे. तुमचीच वाक्यं असायची ती, थोडी शुद्ध करून घेतलेली. तुम्ही गेलात तेव्हा शोकसभेत मी घळीची गोष्ट सांगितली, आणि शेवटी म्हणाले की त्या दिवसापासून माझी जीभ सुटली. लोकांनी डोळ्यांना पदर लावले. मला तेव्हाच ओशाळल्यासारखं झालं होतं. दुसऱ्यांसाठी सुटली, बाई, एवढं खरं. कलेक्टरसमोरसुद्धा सुटली. पण पोटाच्या ऑपरेशननंतर पाण्याचा तांब्या हाताला लागत नव्हता, तेव्हा समोर नर्स बसलेली असून मी रात्रभर तहानलेली राहिले. पोरगा म्हणतो, आईला कुणाची गरज लागत नाही, आणि हे तो कौतुकानं म्हणतो. मी ऐकून घेते. आज न्हाणीघरात बसले होते तेव्हा आज्ज्याचं काही मनात नव्हतं, सासरचं नव्हतं. नुसती लाज वाटत होती, ओल्या लुगड्याची, म्हातारपणाची, सुनेनं खाली वाकून मला उचलण्याची. तुमच्यापुढं सांगायला ते कारणही धड नाही.

तुम्हाला लिहिलेले हे कागद कपाटाखालच्या ट्रंकेत टाकायचे म्हणते, पण ट्रंक खोलीच्या त्या टोकाला आहे. मघाशी सून दारात येऊन गेली. "आई, काही पाहिजे का?" म्हणाली. मी उशीखाली कागद सारले आणि म्हणाले, "काही नको गं, निवांत पडलेय." ती थोडी थांबली, मग गेली. अजून ती पुढच्या खोलीतच आहे, तिच्या बांगड्या वाजतायत. खरं सांगते बाई, मघापासून मला उठता येत नाहीये.