माझा पाच

३ एप्रिल
बेचाळीस पेपर तपासले. मान मोडली! चौथा प्रश्न — दोन समीकरणं, उकल काढा, चार गुण. एकेचाळीस जणांचं क्ष = ३, य = २. फक्त मौनीबाईने (शेवटचा बाक, वर्षभरात चार वाक्यं बोलली असेल) लिहिलंय, ‘उकल नाही.’ पायऱ्या नाहीत, काही नाही. कोरं सोडलं नाही एवढंच. शून्य दिलं. एकूण तेहतीस. दोन गुणांनी गेली.

४ एप्रिल
तिची आई आली होती. “नापास झाली तर शाळा बंद, बाई. मावशीच्या शिलाईच्या दुकानात बसेल.” पोरगी बाजूला नखं खात उभी. मला उगाच रुखरुख.

५ एप्रिल
तिचाच पेपर पुन्हा काढला. या वेळी प्रश्नही वाचला — आणि घामच फुटला.
२क्ष + ३य = १२
४क्ष + ६य = २२
डावीकडे बरोब्बर दुप्पट, मग उजवीकडे चोवीस हवेत. बावीस कसे? समांतर रेषा! जन्मात भेटायच्या नाहीत. उकल नाहीच!
मी ५य लिहिलं होतं. टायपिस्टने ६ वाचलं. “तुझ्या पाचाला शेपूट असतं,” नवरा वीस वर्षं सांगतोय.
आणि ते एकेचाळीस? सरावाच्या कागदावर हेच गणित होतं, ५य वालं; तिथलं उत्तर घोकून आले. घोकून घेतलं कुणी? मीच. तपासतानाही मी उत्तरच बघितलं, प्रश्न नाही. लाज वाटली.

६ एप्रिल
मुख्याध्यापक वैतागले. “निकालपत्रक तयार आहे. कशाला उकरून काढता?” म्हटलं, एकटीने बरोबर लिहिलंय, तिलाच नापास करू? “मग चूक तुमची, असं लेखी द्या.” दिलं. बाकीच्यांचे गुण कापले नाहीत.
मौनीबाई सदतीस. पास!

७ एप्रिल
तिला एकटीला बोलावलं. “शाब्बास! कसं गं ओळखलंस?”
परत नखं तोंडात. मग — “बाई, मला सुटलंच नाही. कोरं सोडू नका म्हणाला होतात ना, म्हणून तसं लिहिलं.”
हसावं की रडावं, कळेना. सदतीस तसेच ठेवलेत. उद्यापासून रोज मधल्या सुट्टीत तिला शिकवणार.