जगदेव गुरुजींची बधिर बैठक

केनवड
२१ फेब्रुवारी १९७६

तीर्थस्वरूप दौलतराव भाऊजी यांस धाकटा मेहुणा जगदेव याचा सविनय जयभीम.

आम्ही सर्व इकडे जिवंत आहोत. ‘खुशाल’ लिहायला सध्या अंगात बळ नाही. आपली, रुख्मिणीताईची आणि गोठ्यातल्या मंडळींची प्रकृती बरी असावी अशी आशा करतो. नागपूरहून पाठ शिवून आल्यापासून जो येतो तो “गुरुजी, झालं तरी काय?” असं विचारतो. बायांसमोर सांगता येत नाही, पुरुषांसमोर सांगवत नाही, म्हणून आजवर सगळ्यांना ‘कंबर’ एवढंच सांगत आलो. तुम्ही घरचे, तुम्हाला सगळं लिहितो.

दिवाळीनंतर शाळा तपासायला साहेब येणार म्हणून मी वर्गातलं लोखंडी कपाट एकट्यानं सरकवलं. (साहेब आले नाहीत. कपाट अजून वर्गाच्या मधोमध उभं आहे.) कमरेत काहीतरी सटकलं आणि उजव्या पायात टाचेपर्यंत वीज गेली. मग गावानं माझा ताबा घेतला. शेजारच्या गुलाबसिंगानं तेल लावून रगडलं, कुणी विटेचा शेक दिला, एकानं पायाळू माणसाची लाथ घ्या म्हणून सुचवलं, आणि मी इतका वैतागलो होतो की तीही घेतली. पुढं दुखणं डाव्या पायातही उतरलं. मी म्हटलं, दोन्ही पाय वाटून घेत आहेत, बरंच आहे. आणि एका सकाळी उठतो तर कळ निम्म्यानं कमी! पायांना मुंग्या होत्या, पाऊल फरपटत होतं, पण कळ कमी. मी अंगणात बाजेवर बसून चहा प्यालो, मुलांच्या चाचणीचे पेपर तपासले, आणि सकाळपासून एकदाही लघवीला उठावं लागलं नाही म्हणून देहाचे मनोमन आभार मानले. (थकलेला माणूस कशात सुख मानील, सांगता येत नाही.) दुपारी उठलो तशी आमची सौ. गंगू माझ्या मागं बघून ओरडली. पायजम्यातून बाभळीचा बोटभर काटा आत रुतला होता आणि कापड रक्तानं भिजलं होतं.

“अवं, येवढा काटा टोचला नाही काय तुमाले?”

“नाही.”

“काहून नाही टोचला?”

मी हात लावून पाहिला. भाऊजी, सायकलच्या सीटवर माणूस जेवढा टेकतो तेवढा सगळा भाग माझा राहिलाच नव्हता. परक्याच्या अंगाला हात लावल्यासारखं वाटलं. मग गंगूनं लघवीचं विचारलं. मी खरं ते सांगितलं. ती घराला लावायचं कुलूप शोधू लागली.

एसटीत मला बसायला जागा मिळाली, पण आपण बसलो आहोत की नाही हे शेजाऱ्याच्या खांद्यावरून ठरवावं लागत होतं. वाशीमचे डॉक्टर वयानं लहान. कंबर राहिली बाजूला, ते भलतंच विचारत सुटले. शेवटची लघवी केव्हा झाली, शौचाचं भान राहतं का, बसायच्या जागी कापड लागलेलं कळतं का, दोन्ही पाय जड पडले का. नंतर टाचणी टोचली आणि हातमोजा घालून जी तपासणी केली तिचं वर्णन मी करणार नाही. (खोलीत माझ्या विद्यार्थ्याचा बाप औषधाला थांबला होता. तो आता मला फार आदरानं नमस्कार करतो.) मग नळी घालून तुंबलेलं सगळं काढलं.

“गुरुजी,” ते म्हणाले, “कण्याच्या खालच्या टोकाला नसांचा झुपका असतो, घोड्याच्या शेपटासारखा. मणक्यांमधली गादी सटकून त्यावर दाबून बसली आहे. पाय, लघवी, शौच आणि संसार, सगळं त्याच नसांच्या हाती आहे. कळ गेली ती बरं वाटून नाही, नसा मरायला लागल्या म्हणून.”

मी विचारलं, “सोमवारी गेलं तर चालेल काय? पेपर राहिलेत तपासायचे.”

“चालायचं असेल,” ते म्हणाले, “तर आजच.”

त्यांनीच गाडी करून दिली. नागपूरला पाठीत सुईनं औषध घालून फोटो काढला आणि लगेच ऑपरेशन केलं. नंतर रोज सकाळी नर्सबाई सगळ्यांदेखत विचारायच्या, “गुरुजी, झाली का?” शेजारच्या खाटेवर मंगरूळकडचा प्रेमसिंग होता. दुखणं हेच, पण सांगायचं कसं म्हणून तो घरीच पडून राहिला होता. ऑपरेशन त्याचंही झालं. माझी नळी निघाली, त्याची निघाली नाही. ज्या सकाळी मला आपली आपण झाली, त्या सकाळी पहिली टाळी त्यानं वाजवली. मॅट्रिक झालो तेव्हाही माझं इतकं कौतुक झालं नव्हतं, आणि इतकं वाईटही वाटलं नव्हतं.

आता काठीनं चालतो, घड्याळ बघून मोरीत जातो. बैठक अर्धी जागी, अर्धी झोपलेली. उरलेलं येईल तेव्हा येईल. बोटं दुखली, थांबतो.

आपला,
जगदेव

ता.क. आज सकाळी ताई येऊन गेली. तुरीचं पोतं उचलल्यापासून तुमचे दोन्ही पाय झोपतात आणि कालपासून तुम्ही मोरीत ताटकळत बसता, हे जगदेवला सांगायचं नाही अशी शपथ तुम्ही तिला घातली आहे. ती तिनं पाळली. तिनं गंगूला सांगितलं.

दुसरा ता.क. वाशीमला खिलारी गोऱ्हा दाखवतो म्हणून मदनसिंगानं तुम्हाला त्याच्या जीपमध्ये बसवलं असेल. गाडी सुटल्यावरच पत्र हातात द्यायचं, हे मी त्याला बजावलं आहे. गोऱ्हा नाही. डॉक्टर आहेत. मी एसटीनं पुढं निघतो, दवाखान्याच्या दारात उभा सापडेन (बसवत नाही). शिव्या द्यायच्या त्या मला द्या, पण आधी त्यांनी विचारलेलं सगळं खरं सांगा.