उजव्या पोटरीचं माप

३ फेब्रुवारी, पहाटे
निश्चय पक्का. धाकटीला राज्याच्या संघात घालायचंच. निवड चाचणी बावीसला. शंभर मीटर, पहिल्या दोघी जाणार. या वयोगटातलं तिचं शेवटचं वर्ष. शाळेतल्या खेळाच्या बाई म्हणतात, स्टार्ट सुधारा, झोप पुरेशी द्या. बाईंकडे पदवी आहे. माझं वाचन आहे. वेग पोटरीत असतो. आणि मापात माझा हात धरणारा टेलर या बाजारात नाही. ‘अंदाज’ हा शब्द माझ्या दुकानात चालत नाही. दोन्ही पोटऱ्या साडेबारा इंच. आजपासून टाचा उचलून जिना.

९ फेब्रुवारी
दोरीच्या उड्या वाढवल्या. विश्रांतीचा दिवस रद्द. विश्रांती शिलाई मशीनला, तीही तेल घालण्यापुरती. धाकटी म्हणाली, बाबा, पाय भरून येतात. म्हटलं, त्यासाठीच तर चाललंय सगळं.

१४ फेब्रुवारी, दुपारी, गिऱ्हाईक नसताना
विजय! उजवी पोटरी तेरा इंच! टेप तीनदा फिरवली. डावी मात्र जागची हलत नाही. आईच्या वळणावर गेलीय. हिला सांगितलं तर म्हणाली, अहो, पोर कठडा धरून जिना उतरतेय, तुमचं लक्ष टेपवर की पायावर? दोन्हींवर, असं म्हणायला हवं होतं. नंतर सुचलं.

१८ फेब्रुवारी
बाईंचा निरोप. मुलगी लंगडतेय, डॉक्टरांना दाखवा, नाहीतर पळू देणार नाही. श्रेय हातचं चाललंय म्हणून जळफळाट, दुसरं काय! धाकटीला समोर बसवून सरळ विचारलं, दुखतं का? तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग टेपकडे. नाही म्हणाली. मग बाईंनाही तेच सांग, म्हटलं. विषय संपला.

२१ फेब्रुवारी, संध्याकाळ
ट्रॅक पँट तयार. उजव्या पोटरीपाशी अर्धा इंच जास्त सोडलाय. रेडिमेडमध्ये मिळेल असलं फिटिंग? जेवण गेलं नाही. तिलाही नाही.

२२ फेब्रुवारी
स्टार्ट झकास. अर्ध्यापर्यंत दुसरी होती. दुसरी! मग उजवा पाय टेकेचना. बसलीच. बाई माझ्याआधी पोचल्या.
डॉक्टर म्हणाले, स्नायू आधीच थोडा फाटलेला होता, आज चांगलाच फाटला. सूज मोजायला त्यांना टेप सापडेना, माझी दिली. त्यांचं माप माझ्या मापाशी तंतोतंत जुळलं. त्यांनी विचारलं, ही सूज कधीपासून? हिनं माझ्याकडे पाहिलं. मी टेप गुंडाळत होतो.

२६ मार्च
निवडलेल्या दोघी काल राज्य स्पर्धेला गेल्या. धाकटी त्यांना निरोप द्यायला गेली होती. बाईंबरोबर.
सूज पूर्ण उतरलीय. आज कठडा न धरता जिना उतरली आणि ट्रॅक पँट माझ्या मशीनवर टाकून म्हणाली, बाबा, उजवीकडे ढगळ होते. गिऱ्हाइकाची तक्रार रास्त. टेप घेऊन वाकलो, तर तिनं पाय मागे घेतला.
अंदाजानंच शिवली.