होडलचा ह

सातानोव,
प्रार्थनाघरात धर्मग्रंथातला साराचं नाव बदलल्याचा पाठ असतो त्या आठवड्यातला मंगळवार

तीर्थस्वरूप होडलताईस,
धाकट्या ब्रैनाचा शि. सा. न. वि. वि.

तू पाठवलेला हंसाच्या चरबीचा डबा पोचला. सासूबाईंनी बोट घालून चाखला आणि झिंकोवच्या बायका मिठाला घाबरतात असं जाहीर केलं. म्हणजे आवडला. अर्धा डबा आत्ताच रिकामा झालाय.

ताई, येत्या उन्हाळ्यात माझ्या लग्नाला दहा वर्षं होतील. दहा वर्षांत पाळणा हलला नाही तर नवऱ्याने बायकोला सोडायचं, हा आपला रिवाज तुला मी काय सांगू? लेझर विषय निघाला की टोपी उचलून बाहेर पडतो. पण सासूबाई पलीकडच्या गावात एका तरण्या विधवेकडे जाऊन आल्या. म्हणे लोकर बघायला गेले होते. त्या घरात मेंढरूसुद्धा नाही.

म्हणून मी ताईतवाल्या रेब अन्शेलकडे गेले. स्नानगृहामागे राहतात ते म्हातारे, पापण्या नसलेले. माझं नाव त्यांनी कागदावर लिहिलं, एकेक अक्षर बोटाने चाचपलं आणि म्हणाले की या नावाला श्वास नाही. या आठवड्याच्या पाठातली साराय वांझ होती, तिला देवाने ह दिला, ती साराह झाली आणि आई झाली. ह म्हणजे नुसता श्वास, त्याला ना जीभ लागते ना ओठ. मी म्हटलं, मग घाला माझ्याही नावात. तर म्हणाले, अक्षर नवं घडवता येत नाही. सृष्टीबरोबर झाली तेवढीच आहेत. रक्ताच्या माणसाने आपल्या नावातलं राजीखुशीने दिलं तरच मिळतं. तुझ्या घरात कुणाचं नाव ह पासून आहे का, असं विचारलं. मी नाही म्हणून आले. खोटं बोलले, पण त्यांचा आवाज मला आवडला नाही.

तिकडची खुशाली कळव. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझी ब्रैना

झिंकोव,
साराच्या मृत्यूचा पाठ असतो त्या आठवड्यातला रविवार

चि. सौ. ब्रैनास,
होडलताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

वेडाबाई, एवढ्याशा गोष्टीसाठी खोटं बोललीस? घे की माझा ह! तुझे भावोजी लग्नापासून मला नुसतं अगं म्हणून हाक मारतात, त्यांना ह लागतोच कुठे? दोन्ही पोरी आपापल्या घरी गेल्या, मला आता कोण नावाने बोलावणार आहे? आणि श्वासाचं म्हणशील तर जिना चढताना तो तसाही माझ्याजवळ नसतो.

तुला खात्री हवी तर हे घे. माझ्या नावातला ह मी माझ्या बहिणीला राजीखुशीने दिला आहे, असं मी होडल स्वतःच्या हाताने लिहिते. झालं समाधान? त्या पापण्या नसलेल्या म्हाताऱ्याला दाखव आणि मग चुलीत घाल.

सासूबाईंना म्हणावं, लोकर हवी असेल तर आमच्याकडे भरपूर आहे. सणाला माहेरी ये. मी आहे तोवर हेच तुझं माहेर. माया होती तशीच आहे, काळजी करू नकोस.
तुझी होडल

सातानोव,
योसेफ भावांना ओळख देतो त्या आठवड्यातला गुरुवार

तीर्थस्वरूप होडलताईस,
शि. सा. न. वि. वि.

ताई, आधी बस आणि मग पुढे वाच. मला दिवस गेलेत! सुईण दोनदा बघून गेली. लेझर रस्त्याने स्वतःशीच हसत चालतो, लोकांना वाटतं पिऊन आलाय. सासूबाई मला खुर्चीवरून उठू देत नाहीत. काल स्वतःच्या हाताने माझे पाय शेकले, आणि वर माझे पाय बैलासारखे आहेत असंही सुनावलं.

पण एक गोष्ट तुझ्यापासून लपवणार नाही. तुझं पत्र मी कुणाला दाखवणार नव्हते, फळीवर ठेवलं होतं. सासूबाईंनी ते परस्पर रेब अन्शेलकडे नेलं. त्यांनी चाकूने तुझ्या सहीतला ह कापून घेतला, माझ्या नावाशेजारी चर्मपत्रावर शिवला आणि ताईत करून दिला. तो माझ्या कमरेला आहे. प्रार्थनेतही आता माझं नाव ब्रैनाह असं घेतात. पत्र परत आलं, त्यात तुझ्या सहीतल्या ह च्या जागी एक भोक आहे. त्यातून पलीकडचं दिसतं, म्हणून मी ते घडी घालून ठेवते.

तू बरी आहेस ना? लगेच लिही. जीव लावतेस तसाच लावत राहा.
तुझी ब्रैना

झिंकोव,
सागर दुभंगल्याचा पाठ असतो त्या आठवड्यातला बुधवार

चि. सौ. ब्रैनास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बातमी वाचून पीठ मळता मळता मी मटकन खाली बसले आणि रडले. तुझ्या भावोजींना वाटलं, कोणीतरी गेलं. खरं कळल्यावर तेसुद्धा डोळे पुसू लागले, पण दोष कांद्याला दिला. आता जड उचलू नकोस. सासूबाई रोज दूध देत नसतील तर सांग, मी स्वतः सातानोव गाठते.

माझं विचारलंस. तक्रार करावी असं दुखणं एकसुद्धा नसताना थोडं विचित्र घडतंय. परवा आडावर गेले. कडाक्याची थंडी. साऱ्या बायका बोलू लागल्या की तोंडातून वाफ. मी बोलू लागले, तर वाफ येईना. जोरजोराने फुंकर मारली, तरी येईना. ते बघून खाटकाची बायको बादली तिथेच टाकून पळाली. घरी येऊन दिवा फुंकला, तो विझेना. आरशावर फुंकर घालून पुसायला गेले, आरसा जसाच्या तसा लख्ख.

आणखी एक गंमत. तुझे भावोजी अचानक मला नावाने साद घालू लागलेत, पण ओडल अशी. मी चिडले, तर त्यांना फरक कळेना. शेजारीण, दूधवाला, सगळ्यांचं तेच. शेवटी मी आरशासमोर स्वतःचं नाव घेऊन बघितलं. ओडल. वय झालं, दुसरं काय! तू मनाला लावून घेऊ नकोस.

लोभ असावा.
तुझी ओडल

सातानोव,
सोन्याच्या वासराचा पाठ असतो त्या आठवड्यातला सोमवार

तीर्थस्वरूप होडलताईस, होडलताईस, होडलताईस,
शि. सा. न.

मी मुद्दाम तुझं नाव पुन्हा पुन्हा लिहिते आहे. ताई, तुझं पत्र काढून बघ. त्यात ह नाही. अख्ख्या पत्रात एकही नाही! कुठे 'आहे' नाही, कुठे 'नाही' नाही. माहेरी ये असं तू मला नेहमी लिहितेस, तेही नाही. तुला हे कळलं तरी आहे का?

मी तडक रेब अन्शेलकडे गेले, ताईत त्यांच्या पुढ्यात टाकला. ते म्हणाले, मूल जन्मण्याआधी देणारीने परत मागितलं तर अक्षर परत जातं. तिने स्वतःच्या हाताने लिहायचं की ह माझा आहे, मला परत हवा. मग मुलाचं काय, असं मी विचारलं. ते त्याच अक्षराला धरून आहे, एवढं बोलून त्यांनी दार लावून घेतलं.

मूल नकोच, असं लिहिलं तर खोटं होईल. काल ते पहिल्यांदा हललं. मी ओरडले, हसले आणि लगेच तुझी आठवण होऊन रडले. पण मला तू हवीस. लेझर सोडेल तर सोडू दे, त्या विधवेला आणू दे. मी तुझ्याकडे येऊन भांडी घाशीन. ताई, ती एक ओळ लिही, मी तुझ्या पाया पडते.
तुझीच ब्रैना

झिंकोव,
कोणता पाठ ते आठवेना, बर्फ वितळू लागलं

चि. सौ. ब्रैनास,
अनेक आशीर्वाद.

ती ओळ कागदावर उतरवायला बसले. तुझ्या भावोजींनी नवी शाई आणली, पीस तासून दिलं. 'माझा' उमटतं, 'मला परत' उमटतं. काय परत, तेवढंच उमटेना. टोक टेकवलं की शाई वाळते.

मग पीस खाली ठेवलं आणि खरं सांगते, बरं वाटलं. शाईने साथ दिली असती तरी मी ती ओळ पाठवली नसती. आई गेली त्या वर्षी तू दुधपिती, माझ्या गळ्यापाशी नाक खुपसून झोपायचीस. तू माझी थोरली लेक. पोटच्या पोरी नंतरच्या. तुझं बाळ काढून घेऊन मी कोणता श्वास घेणार, ब्रैना?

मला काडीचा त्रास नसतो. फक्त सगळं लांब लांब जातंय. काल मी खुर्चीत बसलेली असताना तुझ्या भावोजींनी आपला कोट त्याच खुर्चीवर ठेवला. मी बोलले, तर ते खिडकी लावायला उठले.

एकच मागणं. मुलगी झाली तर तिला माझं नाव ठेव. आपल्यात जिवंत माणसाचं नाव बाळाला देत नसतात, ते मला ठाऊक, तुलासुद्धा ठाऊक. तरी ठेव. पण अर्धवट ठेवू नकोस, पूर्ण ठेव. सुरुवातीचं अक्षर तुझ्यापाशी आलंच. बाकीचं नाव मी या पत्रासोबत राजीखुशीने पाठवते.

लोभ असावा.
तुझी