नवरीचा हात

बाबा, तुमच्या चित्रांतली जोडपी कधीच घरात का शिरली नाहीत, याचा मला लहानपणी राग यायचा. दिवसभर दुबईत रास अल खोरच्या वर्कशॉपमध्ये दुकानांच्या पाट्या रंगवून तुम्ही अल कुसैसच्या आपल्या दोन खोल्यांत यायचात आणि पुन्हा ब्रश हातात घ्यायचात. नवरा-नवरी, म्हातारा-म्हातारी, सगळी दारातच उभी. एकदा मी वैतागून म्हटलं की यांना कुणीतरी आत घ्या. तुम्ही वर न बघता म्हणालात, "माझा ज्यांच्यावर जीव होता ना, ती सगळी माणसं मी शेवटची दारातच पाहिली." तुमचे आईवडील माझ्या जन्माआधी रेवदंड्याहून इस्राएलला गेले ते कायमचे. तेव्हा इस्राएलहून दुबईला टपाल चालत नसे, त्यामुळे त्यांची पत्रं थेट येत नसत. पेणची आत्या ती आपल्या पाकिटात घालून पाठवायची.

आपण यहुदी आहोत हे बिल्डिंगमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. कोकणातले, एवढं सांगितलं की भागायचं. गावच्या घरी चौकटीवर मेजुजा होता, आत प्रार्थनेचा कागद असलेली छोटीशी डबी. घरात शिरताना तिला हात लावून बोटं ओठांना लावायची. इथे तो ठोकायची हिंमत नव्हती, पण तुमचा हात रिकाम्या चौकटीकडे जायचाच. आई जिन्यातच दबक्या आवाजात रागवायची. कुणी पाहिलं तर व्हिसा जाईल, शाळा सुटेल, असं मला वाटायचं. कॉलेजात गेले तरी ती भीती गेली नाही, उलट शहाणी झाली.

दुबई मरीना भागात नव्या इमारती उभ्या राहत होत्या तेव्हा एका मराठी काकांनी तिथल्या आपल्या रेस्टॉरंटसाठी नवरा-नवरीचं मोठं चित्र सांगितलं. तुम्ही दोन महिने त्यावर होतात. पहिल्यांदाच तुमच्या नवरीचा एक पाय उंबऱ्याच्या आत होता. एका हाताने तिने नवऱ्याचा हात धरला होता, दुसरा चौकटीवर, अगदी तिथेच. आई चित्रासमोर उभी राहून रडली. मी मात्र फक्त तो हात बघत होते.

शुक्रवारी दुपारी काका चित्र बघायला आले तेव्हा घरात मी एकटीच होते. चहा घेऊन ते गेले. तुम्ही आल्यावर मी सांगितलं, "बाबा, ही वॉज आस्किंग. नवरीने हात तिथे का ठेवलाय, तुम्ही नक्की कुठले, असं." तुमचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. तुम्ही म्हणालात, "खलास. काढून टाकतो." तुम्ही पत्र्याच्या पातीने तो हात खरवडलात. मग हाताशिवाय नवरीचा तोल जमेना, म्हणून तिचा पायही बाहेर घेतलात. मी शेजारी उभी राहून तुम्हाला रंगाच्या ट्यूब उघडून देत होते. त्यानंतर तुम्ही जोडपी काढलीच नाहीत, पाट्या तेवढ्या रंगवत राहिलात.

बाबा, हे पत्र मी कुठेच टाकणार नाही, टाकायला पत्ताही नाही. पण काकांनी त्या हाताबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. कप खाली ठेवताना ते एवढंच म्हणाले होते, "पोरगी किती सुखात घरात चालली आहे."