सर्व्हरचं झबलं

३ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि. (नमस्कार खरोखर घातलाय, खुर्चीत बसल्या बसल्या.)

फोनवर आपण भांडतो म्हणून पत्रांचा करार तूच केलास. तुला वाचता यावं म्हणून जाड मार्करने लिहितेय, ओरडतेय असं समजू नकोस.

बाबांकडून कळलं. तुझं पॉडकास्ट ज्या कंपनीकडे आहे ती महिनाअखेरीला गाशा गुंडाळतेय आणि 'मशीन बोलतंय'चे सगळे भाग पुसले जाणार. बाबा म्हणाले, बरं झालं, शिलाई मशीनच्या खडखडाटावर तासन्‌तास बोलणारी बाई जगात एकच, आणि ती नेमकी माझी बहीण. मी म्हटलं, डोळ्यांनी दगा दिल्यावर आत्याने सुई खाली ठेवली, पण धंदा सोडला नाही. लोक मशीनचा आवाज पाठवतात आणि ती नुसतं ऐकून बिघाड सांगते. जमेल तुम्हाला? त्यांनी पेपर वर केला. तोंड पेपरामागे, तू आमच्याकडे दिलेलं तुझं जुनं मशीन त्यांच्या मागे कव्हरखाली, असं आमचं घर.

तर ऐक. दुसऱ्या कंपनीच्या दारात जायचं नाही. तुझी स्वतःची साइट, तुझ्याच घरातल्या संगणकावर, म्हणजे तुझा स्वतःचा सर्व्हर. आमच्या ऑफिसने टाकून दिलेला एक छोटा संगणक पाठवतेय, जाड पुस्तकाएवढा. त्यात लिनक्स आणि पॉडकास्टची साइट चालवणारं मुक्त सॉफ्टवेअर घातलंय. मुक्त म्हणजे फुकट तर आहेच, शिवाय आत उघडून बघता येतं, हवं तसं बदलता येतं. तू नाही का कुणीही मागितलं की कागदी कटिंग द्यायचीस आणि म्हणायचीस, घे, तुझ्या मापाने काप? तसंच.

मात्र कंपनी बंद व्हायच्या आत जुन्या पत्त्यावर 'आम्ही इकडे आलोय' अशी पाटी लागली पाहिजे, आणि तेव्हा इकडची साइट अखंड चालू पाहिजे. नाहीतर ऐकणाऱ्यांच्या फोनला तू सापडणारच नाहीस.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी भिंगरी

९ मार्च

चि. भिंगरी हीस,
अ. उ. आ.

डबडं पोचलं. माझं मशीन असायचं त्याच जागी ठेवलं. तू लिहिलंस तसं एकेक अक्षर टाइप केलं, पडद्यावर अक्षरं बोटभर करून. दोनदा संगणकाने मला नकार दिला, तिसऱ्यांदा मी त्याला दिला आणि चहा प्यायला गेले. परत आले तर साइट उघडलेली! माझ्या साइटवरून माझा आवाज आला तेव्हा मी उगाच पदर सारखा केला. पाहुणे आल्यासारखं वाटलं.

जुने भाग रोज सकाळी थोडे थोडे चढवतेय. एकच तक्रार, ही खोली रिकामी, त्यामुळे आवाज पिंपातून बोलल्यासारखा येतो. पूर्वीही यायचा, पण तेव्हा कंपनीला दोष देता यायचा.

दादाला सांग, तुझी बहीण आता घरमालकीण झाली. तूही जरा जेवत जा.
तुझी आत्या

१४ मार्च

ती. आत्यास,
सा. न. (वि. वि. पुढे आहेच, आणि ती काळजीची आहे.)

साइट रोज दुपारी गुल होते. सकाळी तू चालू करतेस, मस्त चालते, मग ठप्प. इथून बघितलं तर संगणक तापून स्वतःच बंद पडतोय. मला वाटलं सॉफ्टवेअरची चूक. ते ज्यांनी लिहिलंय त्यांना विचारलं, तर ओळख ना पाळख, चारजणांनी आपापली कामं सोडून माझ्यासोबत डोकं खाजवलं. सगळ्यांचं एकच म्हणणं, आधी हवा बघा.

ऊन येतं का त्याच्यावर? शेजारी शेगडी आहे का? पाटी लावायला हात शिवशिवतायत, पण बंद दुकानाचा पत्ता लोकांना कसा देऊ? बाबा रोज विचारतात, काय म्हणतंय तुमचं रेडिओ स्टेशन? मी म्हणते, मजेत. खोटं बोलून बोलून घसा बसलाय.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून,
भिंगरी

१८ मार्च

चि. भिंगरी,
अ. उ. आ.

ऊन नाही, शेगडी नाही. मला काय अडाणी समजलीस? चाळीस वर्षं मशिनी सांभाळल्यात. या डबड्याची तर इतकी बडदास्त ठेवलीय की दादाची लग्नात ठेवली नव्हती. त्याला झबलं शिवलंय! बाहेरून जाड कापड, आत कापसाचं अस्तर, खाली नाडी. डोळ्यांनी टाका दिसत नाही, तर बोटांनी चाचपत टाके घातले, सगळे हातशिलाईचे. सकाळचं काम झालं की घालते आणि नाडी आवळून टाकते. धूळ शिरायची बिशाद नाही. काम संपलं की मशीन झाकायचं, हे तुलाही लहानपणी शिकवलंय.

तेव्हा दोष तुमच्या त्या मुक्त मंडळींचाच. नीट शोधा.
आशीर्वाद, थोडा रागावून,
आत्या

२१ मार्च

आत्या!

सगळे नमस्कार एकदम. हे पत्र पोचायच्या आत मी फोन केला असेल आणि आपण भांडलोही असू. तरी लेखी असू दे: झबलं काढ!

त्याचं काम संपतच नाही गं. तू दिवा मालवून झोपतेस तेव्हा कुठलातरी शिंपी दुकान उघडून, कात्री हातात घेऊन तुझा आवाज लावत असतो. तुझं दुकान आता कायमचं उघडं आहे. त्याला श्वास घेऊ दे.

झबलं टाकू नकोस मात्र. चाचपत घातलेले टाके आहेत ते.
हसून हसून वाकलेली,
भिंगरी

२ एप्रिल

चि. भिंगरी हीस,
अनेक, अनेक, अनेक उत्तम आशीर्वाद.

झबलं काढलं त्या दिवसापासून डबडं हूं की चूं न करता चालतंय. तू पाटी लावलीस, कंपनी गेली, आणि माझी माणसं सगळी इकडे आली. रोज मशिनींचे आवाज येतात. एकीने विचारलं, ताई, नवा स्टुडिओ घेतलात का, आवाज अगदी कानाशी आल्यासारखा येतो. तर झबल्याची नाडी सोडून, ते उलटं करून मी माइकच्या भोवती टांगलंय. अस्तरात तोंड घालून बोलते. पिंपातली आत्या गेली!

आता खरी बातमी. परवा एक बिननावाचा आवाज आला. खाली लिहिलं होतं, एक नवशिका. पहिल्या चार टाक्यांतच मी ताठ बसले. पट्ट्याचा जोड चाकावर आला की 'टुक'. तो जोड माझ्या हातचा, माझ्या मशीनचा. म्हणजे तुमच्या घरात कुणीतरी कव्हर काढलंय, आणि माझे भाग ऐकून शिवतंय. तू नव्हेस, तुला बटण लावता येत नाही. शिवाय मशीन थांबताच पेपर सळसळला.

बिघाड मी भागातच सांगितला, सगळ्या श्रोत्यांसमोर: नवशिक्या, सुई बोथट झालीय, कापडात शिरत नाही, ठोकतेय. ती बदल. चाकाला तेल घाल. आणि दादा, आता तो पेपर खाली ठेव.

तुम्हा दोघांवर जीव आहेच, वेगळा काय लिहू.
तुझी आत्या