आधी कोणाला सांगायचं

रीडिंग, ५ मार्च २००६

ती. बाबा आणि ती. आईस,

सप्रेम जय भीम.

फोनवर बाबांना ऐकू येत नाही आणि ते भलत्याच प्रश्नाचं उत्तर देतात, म्हणून आपलं पत्रच बरं.

मी नेमकी कुठे नोकरी करते, असं बाबांनी पुन्हा विचारलंय. खरं सांगू, मलाही ते अधूनमधून नव्याने समजून घ्यावं लागतं. बसते मी रीडिंगच्या लॅबमध्ये, पण काम आहे कॅरिबियनमधल्या एका विद्यापीठाचं. विद्यापीठ एक, कॅम्पस तीन, आणि ते तीन बेटांवर, म्हणजे तीन देशांत: जमैका, त्रिनिदाद आणि बार्बाडोस. मधे समुद्र. आता तिथे असे गट केलेत की एका कॅम्पसवरचे डॉक्टर, दुसऱ्यावरचे समाजशास्त्राचे लोक आणि तिसऱ्यावरची लॅब यांनी मिळून एकच संशोधन करायचं. सगळ्यांचं म्हणणं एकत्र करून लिहून काढणं हे माझं काम. दर गुरुवारी कॉन्फरन्स कॉल असतो. त्यातला निम्मा वेळ एकमेकांना ऐकू येतंय का हे विचारण्यात जातो. बाबा, तुम्ही त्यात शोभला असता.

आमचा विषय सिकल सेल. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, अडकतात आणि माणूस वेदनेने तळमळतो. हा दोष आई किंवा वडील, एकाकडूनच आला तर माणूस ठणठणीत असतो, नुसता वाहक. दोघांकडून आला तर मात्र आजार. वाहक माणसाला हे कधी सांगायचं आणि आधी कोणाला सांगायचं, यावर आमची तिन्ही बेटं वर्षभर डोकं खाजवत आहेत.

आता घरचं. आमच्या लॅबमधलं नवं मशीन तपासायला मी मिलिंदचं आणि माझं, आम्हा भावंडांचंच, रक्त वापरलं होतं. माझ्यात काही नाही. मिलिंद वाहक निघाला. त्याला स्वतःला काही त्रास नाही, होणारही नाही. पण त्याची होणारी बायको सुप्रभा, आता इथे इंग्लंडमध्ये नोकरी करत असली तरी, मूळची नागपूरचीच, आणि आपल्या भागात असे वाहक बरेच. तीही वाहक असली तर त्यांच्या प्रत्येक मुलामागे चारात एक धोका. लग्नाआधी तिला तपासणी करायला सांगू का, असं मिलिंदने मला विचारलं. हा प्रश्न म्हणजे माझी रोजची भाकरी, तरी तो मी तुमच्यापुढे ठेवते आहे. तुम्हाला काय वाटतं?

तुमचीच,
सुलू


नागपूर, २१ मार्च २००६

चि. सुलूस,

अनेक आशीर्वाद. जय भीम.

पत्र पोचलं. एवढी वर्षं वेस्ट इंडीजची बॅटिंग रेडिओवर ऐकली, आणि तो देश नसून निरनिराळ्या बेटांचा संघ आहे हे मला म्हातारपणी लेकीकडून कळावं! पण मग तुझा पगार कुठलं बेट देतं आणि रजा कुठलं बेट मंजूर करतं? तुझ्या आईला समजावता समजावता मीच गोंधळलो. शेवटी शेजारच्या सुहासिनीबाईंना आईने सांगून टाकलं की सुलू जहाजावर असते.

पत्राचा पुढचा भाग मी तिला वाचून दाखवला नाही. हवामानाचं काहीतरी रचून सांगितलं.

चारात एक म्हणजे काय हे मला शिकवू नकोस. आयुष्यभर गणितच शिकवलं. पण बाळ, हा गणिताचा प्रश्न नाही. तुमच्या रक्तातच खोट आहे, असं ऐकत आपल्या पिढ्यान्‌पिढ्या गेल्या. पाण्याला हात लावू दिला नाही तो त्याच कारणाने. ते खोटं आहे, हे सांगण्यात माझी हयात गेली. आणि आता माझीच शिकलेली लेक विलायतेतून लिहिते की सुनेला घरात घेण्याआधी तिचं रक्त तपासा? मी हे सुप्रभाच्या वडिलांना कोणत्या तोंडाने सांगू? ते चळवळीतले माझे जुने सोबती.

आणि दुसरं. मिलिंदमध्ये आहे, तर ते आलं कुठून? एक तर माझ्याकडून, नाही तर तिच्याकडून. हे शोधून कोणाचं भलं होणार? विषय इथेच मिटव.

१४ एप्रिलला, भीमजयंतीला, लंडनच्या त्या घरासमोर जाऊन ये, शिकताना ते जिथे राहिले. मिलिंदलाही ने.

तुझा,
बाबा


रीडिंग, १६ एप्रिल २००६

ती. बाबांस,

सप्रेम जय भीम.

यंदा १४ तारखेला इथे सार्वजनिक सुटी होती. मिलिंद ब्रॅकनेलहून आला आणि आम्ही कॅमडेनला गेलो. किंग हेन्रीज रोडवर शांतता होती. घरात दुसरंच कोणी राहतं, पडदे ओढलेले होते. आम्ही निळ्या पाटीखाली फुलं ठेवली. आमच्यासारखे आणखी चार-पाच जण आले होते. आतल्या बाईंनी पडदा थोडा सरकवून आमच्याकडे पाहिलं, मग बाहेर येऊन फुलांना पाणी लागेल का असं विचारलं.  एकाने हो म्हटलं, एकाने नाही.

बाबा, तुमचं पत्र मी किती वेळा वाचलं. गुरुवारच्या कॉलमध्ये नाव न घेता तुमचं म्हणणं मांडलं. वाटलं, तिन्ही कॅम्पसना पटेल किंवा तिघेही हसतील. झालं भलतंच. जमैकाच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, शाळेतल्या मुलांना सोळाव्या वर्षीच सांगून टाका, लपवून ठेवल्यानेच त्या गोष्टीची लाज तयार होते. त्रिनिदादच्या अनुराधा रामसरन एकदम तुमच्या बाजूने. त्यांचे पूर्वज भारतातून उसाच्या मळ्यांवर आलेले. त्या म्हणाल्या, आमच्याकडे अजून घरचे लोक लग्नं जुळवतात, मुलगी वाहक आहे हे बाहेर फुटलं की तिच्याकडे कोणी फिरकत नाही, मुलाला मात्र कोणी विचारत नाही. बार्बाडोसचे गृहस्थ म्हणाले, आमचं बेट एवढुसं आहे की सकाळी लॅबला कळलेलं संध्याकाळी बाजाराला कळतं. मी तिघांचंही लिहून घेतलं. तिघेही बरोबर वाटले. मग मी काय लिहू?

एक मात्र मला नीट माहीत आहे. हा दोष कुठल्या जातीचा नाही. जिथे हिवतापाने माणसं पटापट मेली तिथे अशा वाहकांचं रक्त टिकलं, म्हणून ते आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे आणि आपल्या वैनगंगेकाठीही आहे. जगलेल्यांचं रक्त आहे ते, बाबा.

मी हे लिहू नये, तरी लिहिते. आपली थोरली उत्पलाताई गेली तेव्हा मी फार लहान होते. पण तिचे सुजलेले हात मला आठवतात. डॉक्टर संधिवात म्हणाले होते ना?

मिलिंद लग्नाचा विषय टाळतो. सुप्रभाला वाटतंय, त्याचं मन बदललं.

तुमची माया कमी होऊ देऊ नका.

सुलू


नागपूर, ३ मे २००६

चि. सुलूस,

आशीर्वाद.

उत्पलाचं नाव पत्रात नको. तुझ्या आईच्या हाती पडलं तर? या घरात ते नाव कोणी उच्चारत नाही. ती विसरली म्हणून नाही, तर तिला झेपत नाही म्हणून.

इकडे नवीनच घोळ झाला. सुप्रभाचे वडील काल येऊन गेले. खुर्चीत बसले, पाणी प्यायले. मग म्हणाले, मोहनराव, तुमचा मुलगा फोन उचलत नाही, तिकडे त्याचं दुसरीकडे कुठे आहे का? मला खरं सांगता येईना आणि खोटंही सांगता येईना. मी त्यांना आंब्याच्या भावाबद्दल सांगत बसलो. ते उठून गेले. तुझ्या आईने विचारलं, काय झालं? त्यावरही मी आंब्याबद्दलच बोललो.

मी विषय मिटवायला सांगितला होता, तर तो माझ्या बैठकीत येऊन बसला.  तूच काहीतरी कर, पण काय ते मला विचारू नकोस.

बाबा


रीडिंग, २२ मे २००६

आदरणीय बाबा,

सविनय जय भीम.

मी सुप्रभा. आपण एकदाच भेटलो, साखरपुड्याची बोलणी झाली तेव्हा. तुम्ही मला कॅलक्युलेटरशिवाय वर्गमूळ काढता येतं का असं विचारलं होतं. अकाउंट्समध्ये असूनही मला आलं नव्हतं. मोठ्यांना असं थेट पत्र लिहिणं कदाचित बरं दिसणार नाही. पण सगळे माझ्याबद्दल एकमेकांना लिहीत आहेत, तर मीही लिहावं असं ठरवलं.

मागच्या शनिवारी रीडिंग स्टेशनवर मी मिलिंदला अडवलं आणि म्हटलं, लग्न करायचं नसेल तर तसं सांग, तोंड लपवू नकोस. तेव्हा त्याने सांगितलं. मी खूप चिडले. रक्तावरून नाही. त्याने ताईंना विचारलं, ताईंनी तुम्हाला, आणि ताईंच्या मीटिंगमध्ये तीन बेटांवरच्या माणसांनी माझ्या लग्नावर मतं दिली, माझं नाव कळलं नसलं तरी. मला मात्र सगळ्यात शेवटी! मी तसं ताईंनाही तोंडावर सांगितलं. त्यांनी मान खाली घातली, मग चहा केला आणि त्यात साखरेऐवजी मीठ घातलं. तिथून आमचं भांडण मिटलं.

मी जीपीकडे, म्हणजे इथल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे, जाऊन तपासणी करून घेतली. मीही वाहक आहे.

माझी आई म्हणते मोडून टाक.  इथल्या डॉक्टरांनी नीट समजावलं: मूल पोटात असतानाच तपासता येतं, मग काय करायचं ते आम्ही दोघांनी ठरवायचं. मला मिलिंदशीच लग्न करायचं आहे. पण त्यानंतरचं मला काहीच दिसत नाही. आज एक वाटतं, उद्या दुसरं.

मिलिंदला ताईंच्याही वरची एक मोठी बहीण होती, असं मला कळलं. तो तिला ओळखतही नव्हता. ती कशी होती? तिला काय होत होतं? पुस्तकातला आजार मी वाचला. मला घरातला ऐकायचा आहे. तुम्हाला त्रास होणार असेल तर उत्तर देऊ नका, मी गैरसमज करून घेणार नाही.

आपली,
सुप्रभा


नागपूर, १८ जून २००६

चि. सुलूस,

अनेक आशीर्वाद, जय भीम.

सुप्रभाचं पत्र आलं तेव्हा मी पेन्शनच्या कामाला गेलो होतो. ते तुझ्या आईने फोडलं. परत आलो तर ती पायरीवर बसलेली, चप्पल घालून. म्हणाली, चला, आपलंही तपासून घेऊ. मी म्हटलं, लीला, कशासाठी? ती म्हणाली, या पोरीने विचारलंय, तिला खरं काय ते सांगायला नको का?

मेडिकलला, म्हणजे सरकारी दवाखान्यात, गेलो. मी वाहक. ती वाहक.

म्हणजे उत्पलाला तेच असणार. तिथल्या डॉक्टरांनी जुनी लक्षणं विचारली आणि तसंच सांगितलं. मला वाटलं होतं, आता ही कोसळणार. तिने डॉक्टरांना पुन्हा सांगायला लावलं. मग तिसऱ्यांदा. म्हणजे माझ्यामुळे नाही, असं विचारलं. डॉक्टर म्हणाले, बाई, तुम्ही काहीही केलं असतं तरी तिला हा आजार असताच, तो जन्मतःच होता. बाहेर आल्यावर ती रस्त्यात उभी राहून रडली. लोक बघत होते. मीही रडलो असेन, ते नीट आठवत नाही.

सुलू, ती स्वतःला दोष देत होती हे मला माहीत नव्हतं. एकाच घरात राहून माहीत नव्हतं. तिला जपायचं म्हणून मी उत्पलाचं नाव घेत नव्हतो, आणि मी तिलाच दोषी धरतो म्हणून नाव घेत नाही, असं ती समजत होती. याला काय म्हणायचं?

सुप्रभाच्या घरी आम्ही दोघं जाऊन आलो. आमचे कागद त्यांच्यापुढे ठेवले. तिच्या वडिलांनी माझा हात धरला. तिची आई अजून राजी नाही.

तुझी आई स्वतः सुप्रभाला लिहिणार आहे. काय लिहिणार ते मला सांगत नाही.

बाबा


नागपूर, ३ सप्टेंबर २००६

चि. सुप्रभास,

लीलावतीचे आशीर्वाद आणि जय भीम.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला मला पावसाळा लागला. लिहायला बसायची आणि उठायची. राग नसावा.

उत्पला माझी पहिली. रंगाने बापासारखी, बोलण्यात आजीसारखी. चिंचा खायची, माझं ऐकायची नाही. गाणं म्हणताना शब्द विसरली की मधे स्वतःचेच घालायची. दुखायला लागलं की हातपाय पोटाशी घेऊन पडायची. दुखण्याला ती पाहुणा म्हणायची. पाहुणा आला म्हणायची, पाहुणा गेला म्हणायची. पाहुणा नसला की इतकी नाचायची की शेजारच्यांना वाटायचं हिला काही झालेलंच नाही. सहावं संपता संपता एका तापात गेली.

मी तेव्हा प्राथमिक शाळेत शिकवत होते. तिला शेजारी ठेवून जायची. ती गेल्यावर बायका म्हणाल्या, आई नोकरीला गेली म्हणून पोर गेली. मी ते मानलं. राजीनामा दिला, पुन्हा शाळेचं तोंड पाहिलं नाही. यांना, आमच्या मास्तरांना, वाटलं, दुःखाने सोडली.

तुम्ही मूल होऊ द्यावं की नाही, कसं ठरवावं, हे मी सांगणार नाही. मला येत नाही. उत्पला व्हायलाच हवी होती का, असं कोणी विचारलं तर एका घटकेला वाटतं, हो, सहा वर्षं तर सहा वर्षं. दुसऱ्या घटकेला तिचं कण्हणं आठवतं आणि हो म्हणवत नाही. सुलूने लिहिलं की तिच्या तीन बेटांचंही एकमत झालं नाही. एक शाळेत सांगणार, एक बाळ जन्मल्यावर, एक अजून विचारच करतंय. ठरलं ते एवढंच, की सांगायचं तर ज्याचं त्याला आधी. हे तुझ्या भांडणातून निघालं म्हणे. मला ते पटलं. एवढी शिकलेली माणसं गोंधळतात, तर मी का लाजू?

तुझ्या आईकडे मी दोनदा जाऊन आले. ती पोरीच्या काळजीने नाही म्हणते, ते मला कळतं. परवा तिने विचारलं की ऑक्टोबरात रीडिंगला थंडी किती असते. म्हणजे ती तुमच्या लग्नाला येते आहे. मीही येते. मास्तरही येतील, कानाचं मशीन घेऊन.

पुढे जे ठरवाल ते तुमचं. मूल होवो, न होवो, दुखणं घेऊन येवो की हसत येवो, कोणी काही म्हणालं तर ऐकून घेऊ नकोस. मला बोलाव, मी येऊन राहीन. पण नोकरी सोडू नकोस, बाई.

तुझ्यावर जीव जडलेली,
आई